दादा, दोष कार्ब्युरेटरचा नव्हता

दादा,

तू गेल्यापासून माणसं येतायत, आणि मला त्यांचा राग येतोय. दारात चपला काढतात, वहिनीसमोर दोन मिनिटं मान खाली घालून बसतात आणि मग माझ्याकडे वळून म्हणतात, "शांतामेस्त देवमाणूस. कधी कोणाक उलट बोलाक नाय." जणू उलट न बोलणं हा मोठा गुण आहे. मी चहा आणून देते. कपबशी हातात देताना माझ्या मनात येतं, की ह्यांच्यातल्या किती जणांनी अकरा वर्षं तुझ्या पुढल्या दाराची पायरी चढली नाही ते मोजून दाखवावं. पण मी मोजत नाही, कारण पहिलं बोट माझ्याकडेच वळवावं लागेल.

तू असतास तर म्हणाला असतास, "गे बाय, सोड ता." सोडत नाही. आजवर तुझं ऐकून सगळं सोडलं, त्याचं काय झालं ते बघितलं.

आपण गोव्याचे नव्हे, हे मला पहिल्यांदा कळलं ते मोठेपणी. महाराष्ट्रातल्या दोडामार्गाकडच्या गावातून बाबा गोव्यात डिचोलीला आले, खाणीच्या ट्रकवर चालक म्हणून. आपण दोघं त्या लाल धुळीतच मोठे झालो. तू शाळा सोडून डिचोलीच्या गॅरेजात शिरलास तेव्हा बाबा तुझ्याशी महिनाभर बोलले नव्हते. आणि मी नर्सिंगला जायचं म्हटलं, तेव्हा बाबांशी भांडून तूच माझी ट्रंक मोटरसायकलच्या मागे बांधलीस. हॉस्टेलच्या फाटकाशी उतरल्यावर मी रडायला लागले, तर तू म्हणालास, "रडतंस कित्याक? हयां जेवण तरी वेळेर गावतला." एवढंच. मग गाडीला किक मारून गेलास. त्या ट्रंकेत वरच्या कपड्यांखाली तू भाजलेल्या काजूंची पुडी ठेवली होतीस. ती मला रात्री अंथरूण काढताना मिळाली.

पुढे माझी नेमणूक पेडण्याच्या सरकारी दवाखान्यात झाली, हंगामी. तूही डिचोली सोडून पेडण्याला आलास आणि बसस्टँडच्या मागे एक शेड घेतलीस. वर पाटी लावलीस, 'शांताराम गॅरेज', आणि गाव तुला शांतामेस्त म्हणायला लागलं, मेस्त म्हणजे मिस्त्री. राजभाषा मराठी की कोंकणी, ह्याचं आंदोलन पेटलं होतं ते दिवस. रस्त्यावर झाडं तोडून टाकलेली, बस बंद, भिंतींवर चुन्याने लिहिलेल्या घोषणा, आणि एकमेकांच्या पाट्यांना डांबर फासणं. मी मराठीच्या मोर्चात पुढे असायचे. घसा बसेपर्यंत ओरडून घरी यायचे आणि तुझ्याशी वाद घालायचे. तू गूळपाणी करून द्यायचास आणि हसायचास. "माझ्या पाटयेर कोण डांबर फासतलो? शांताराम गॅरेज. ही मराठी म्हण, नाय तर कोंकणी म्हण."

मला चीड यायची. मी म्हणायचे, "तुला काही फरकच पडत नाही. उद्या आपली भाषा गेली तर?"

"घरात आवस आमच्याशी मालवणी बोलली. शाळेत मास्तर मराठी बोलले. बाबलो टॅक्सीवालो माझ्याशी कोंकणी बोलता. माका तिन्ही कळतत. ज्येका जा सांगूचा असा ता तेका सांगल्यार झाला."

"म्हणजे भाषेचं काही नाही?"

"भाषेचा पुढे बघू. आधी सांगूक तर व्हया."

हा आपला वाद कधीच मिटला नाही. तू बरोबर होतास असं मी आजही म्हणणार नाही. पण तू ते वाक्य बोललास आणि पुढे वर्षभरात मी काय केलं, ते तुला आणि मलाच ठाऊक होतं.

बाबलोच्या गाडीपासून सगळं सुरू झालं. बाबलो टॅक्सीवाला. पोर्तुगिजांच्या वेळी बोटीतून आलेली ती छोटी गाडी त्याच्या वडिलांनी कुणा भाटकाराकडून, बड्या जमीनदाराकडून, घेतली होती. सुटे भाग मिळत नव्हते, म्हणून तिचं सगळं तुझ्या हातावर चालायचं. त्या वर्षी, म्हणजे गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी, गाडी एकाएकी बिघडली. उभी असताना थरथरायची, सुटताना आचके द्यायची, चढावर ठोके मारायची. चावी बंद केली तरी इंजिन दोन-चार गचके देऊन मग थांबायचं. बाबलो म्हणाला, "मेस्ता, कार्ब्युरेटर गेलो."

मी त्या दिवशी दुपारच्या सुटीत तुझा डबा घेऊन आले होते. तू त्याला म्हणालास, "गाडी जरा खोकली की सगळे कार्ब्युरेटराक गाळी घालतत. तेचो काय दोष असा काय नाय, ता आधी बघूया."

तुझं काम बघत बसायला मला आवडायचं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. इंजिन चालू ठेवून तू प्लगची एकेक वायर काढून बघितलीस, की कोणती काढल्यावर आवाजात फरक पडत नाही. चारही वायरींना थोडाथोडा फरक पडत होता, म्हणजे एकच सिलिंडर मेलेला नव्हता, सगळेच आजारी होते. पॉइंट घासून बरोबर फटीवर लावलास. मग कार्ब्युरेटरच्या बुडाशी चारी बाजूंनी पातळ तेलाचे थेंब सोडलेस आणि कान देऊन ऐकत राहिलास. पॅकिंगमधून हवा ओढत असती तर आवाज बदलला असता. बदलला नाही. मग कार्ब्युरेटर उतरवून ताटलीत सुटा केलास, जेट फुंकून उजेडासमोर धरलेस, फ्लोट हलवून बघितलास. सगळं स्वच्छ. परत जोडलास. संध्याकाळपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालली आणि दोन दिवसांनी पुन्हा आली. प्लग काढलेस तर काळेकुट्ट.

आठवड्याभरात आणखी तीन गाड्या तशाच आल्या. शाळामास्तरांची, एका डॉक्टरांची, आणि मालवाहू टेंपो. चौघांना तू एकच प्रश्न विचारलास, "पेट्रोल खंय भरतास?"

चौघांनी एकाच पंपाचं नाव सांगितलं.

त्या पंपाच्या मालकाला सगळे पात्रांव म्हणायचे, धनी ह्या अर्थाने. देवळाच्या समितीवर, शाळेच्या समितीवर, घटकराज्याच्या सोहळ्यात मामलेदाराच्या शेजारच्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर. तू पात्रांवाकडे स्वतः गेलास. भांडायला नव्हे. तू सांगितलंस, की टाकीत रॉकेल मिसळतंय, कदाचित टँकरवालाच वाटेत करत असेल, तुम्ही बघून घ्या. मी तुला म्हटलं होतं, जाऊ नको. तू म्हणालास, "तेंका म्हायती नसात तर?" तुझा हा भाबडेपणा मला अजून सोसत नाही, दादा. त्यांना माहीत नसेल असं तुला खरंच वाटलं होतं?

दुसऱ्या दिवशी बाजारात बोलणं सुरू झालं. भायलो मेस्त येवन आमच्या मनशांचें नांव वायट करता. भायलो. बाहेरचा. डिचोलीच्या धुळीत खोकत वाढलेला, पेडण्याच्या निम्म्या गाड्या चालू ठेवणारा माणूस एका रात्रीत बाहेरचा झाला. आणि त्या बाजारात मराठीवाले होते तसे कोंकणीवालेही होते. वर्षभर एकमेकांची डोकी फोडायला निघालेली माणसं तुला बाहेरचा म्हणताना मात्र एका सुरात बोलली.

बाबलोला तू तीन चालकांसमोर सांगितलंस, "हयां भरू नको. म्हापशाक जातंस तेव्हा थंय भर." बाबलो कसनुसा हसला. पात्रांव त्याच्या लग्नाला आले होते, पंप स्टँडच्या समोर होता, आणि बायकोचे दिवस भरत आले होते. म्हापशापर्यंत कोण जातो?

बायकोला, रुक्मिणीला, त्याने एका सकाळी दवाखान्यात आणलं. पहिलं बाळंतपण. मी तपासलं तर मूल पायाळू. डॉक्टर शिबिराला गेलेले. मी बाबलोला म्हटलं, म्हापशाच्या इस्पितळात न्यायला हवं, आत्ता. त्याने गाडी आणली. मागच्या सीटवर रुक्मिणीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत आचके देत होती, पण चालत होती. मालपेच्या चढणीवर ठोके सुरू झाले. बाबलोने गियर बदलला. गाडी अर्ध्या चढणीपर्यंत गेली आणि बंद पडली.

बाबलोने बॉनेट उघडलं, प्लग काढून सदऱ्याच्या टोकाने पुसले, परत लावले, स्टार्टर मारत राहिला. मारता मारता बॅटरी बसली. उन्हात तापलेल्या त्या गाडीत रॉकेलचा वास भरला होता. स्टोव्ह पेटवताना येतो तसा. मला तो वास आला होता, दादा. रुक्मिणीने माझं मनगट धरलं होतं आणि मी तिला श्वास घ्यायला सांगत होते, आणि प्रत्येक श्वासाबरोबर मला तो वास येत होता.

सावंतवाडीहून येणारी बस मिळेपर्यंत तास गेला असेल. चालकाने कुठेही न थांबता बस इस्पितळाच्या फाटकापर्यंत नेली. रुक्मिणी वाचली. मुलगा होता. रडला नाही.

संध्याकाळी परत येताना मी मालपेला बसमधून उतरले, कारण रस्त्याकडेला बाबलोची गाडी होती आणि तिच्यापाशी तू उभा होतास. तुला कुणीतरी बातमी दिली होती. तू मला मुलाचं विचारलंस. मी मान हलवली. तू खाली बसलास, रस्त्यावरच.  मग उठलास, पेट्रोलची नळी सोडवून एका स्वच्छ बाटलीत पेट्रोल काढून घेतलंस. माझ्या वहीचं कोरं पान मागितलंस. त्यावर एक थेंब त्या बाटलीतला टाकलास आणि एक तुझ्या मोटरसायकलच्या टाकीतला, म्हापशाला भरलेल्या पेट्रोलचा. आपण दोघं वाकून बघत राहिलो. एक थेंब वाळला आणि कागद पहिल्यासारखा झाला. दुसऱ्याचा तेलकट डाग तसाच राहिला.

"बघलंस मा?" तू म्हणालास.

मी म्हणाले, "बघितलं."

बाबलोने तक्रार केली, पण पंपाविरुद्ध नव्हे, तुझ्याविरुद्ध. चार वेळा गाडी दुरुस्त केली, तरी बिघडलेला कार्ब्युरेटर तसाच ठेवला, म्हणून माझं मूल गेलं. मी त्याला दोष देत नाही. ज्याचं मूल गेलंय त्याला कुणावर तरी हात ठेवावा लागतो. पण तो हात धरून तुझ्यावर ठेवणारी माणसं वेगळी होती.

पोलीस ठाण्यात फौजदाराच्या टेबलासमोर पात्रांव चहा पीत बसले होते. कुणी बोलावलं होतं त्यांना? गावचे मोठे म्हणून आले होते, मदतीला. तू बाटली टेबलावर ठेवलीस, कागद मागून घेतलास आणि पुन्हा दोन थेंब टाकून दाखवलेस. फौजदार बघत होता. डाग राहिला तेव्हा त्याने विचारलं, "तू केमिस्ट काय?"

"ना साहेब. मेस्त."

"खंयचो तू?"

"डिचोली, साहेब."

"मूळचो खंयचो?"

तू गावाचं नाव सांगितलंस. फौजदाराने पात्रांवाकडे बघितलं आणि बाटली कपाटात ठेवली. ती बाटली पुन्हा कुणी पाहिली नाही. तुला बाहेर बसायला सांगितलं आणि मला आत बोलावलं.

आत काय झालं ते तू मला कधी विचारलं नाहीस. आज सांगते. मारहाण झाली नाही, धमकी नाही, आवाजसुद्धा कुणी चढवला नाही. माझी जबानी टाइप करून तयार होती, इंग्रजीत. पात्रांव म्हणाले, "बाय, तुझो रहिवासी दाखलो अजून जावंक ना न्हय? घटकराज्य जालें. आतां कायम करतना दाखलो पळयतले. हांव मामलेदाराकडेन उलयतां. शांतारामाचें कितेंय आसूं, तूं भायली न्हय म्हण हांव सांगतां." दाखला नाही तर कायम नोकरी नाही, आणि दाखला त्यांच्या एका शब्दावर; पण फार प्रेमाने बोलले. डोक्यावरून हात फिरवतील असं वाटलं.

मी कागद वाचला. माझं इंग्रजी नर्सिंगपुरतं, पण कार्ब्युरेटर हा शब्द मला कळला, आणि सदोष दुरुस्ती हेही कळलं. पेट्रोल हा शब्द त्या पानावर कुठेच नव्हता. वासाचा उल्लेख नव्हता, मालपेच्या डागाचा नव्हता. मराठीसाठी घसा फोडून घेणारी मी, दादा. मराठीत लिहा म्हणून मी टेबलावर हात आपटायला हवा होता. मी पेन उचललं आणि सही केली. सहीसुद्धा इंग्रजीत.

बाहेर आले तेव्हा तू कट्ट्यावर बसला होतास. माझ्याकडे बघितलंस आणि तुला कळलं. तू एकच विचारलंस, अगदी हळू, "तुका वास इल्लो मा गे?"

मी घराच्या वाटेने चालायला लागले.

घरी आल्यावर तू पानं घेतलीस. "जेव," म्हणालास. त्या रात्री तू मला ओरडायला हवं होतंस. कानाखाली मारली असतीस तरी चाललं असतं. लोक तुझ्या गप्प बसण्याला चांगुलपणा म्हणतात. मला ती शिक्षा वाटली, आणि ती तू अकरा वर्षं चालू ठेवलीस. मी तुझ्यावर ह्यासाठी रागावले आहे. माझा राग ऐकायला तू आता नाहीस, म्हणून तर सगळा कागदावर उतरवतेय.

खटला झालाच नाही. फौजदाराने तुला समज देऊन सोडलं. पण बातमी खटल्यापेक्षा लांब जाते. बाबलो स्टँडवर, बाजारात, प्रवाशांना सांगत राहिला. सहा महिन्यांत शेडमध्ये गाडी येईनाशी झाली. माझा दाखला आला, नोकरी कायम झाली. ज्या आठवड्यात मला ते पत्र मिळालं त्याच आठवड्यात तू पाटी उतरवलीस आणि तुयेच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायला लागलास. कोल्हापूर-बेळगावकडची पोरं तिथे तुला काका म्हणायची. तिथे कार्ब्युरेटर नव्हते.

आणि तरी लोक यायचेच. हे मला सगळ्यात जास्त झोंबतं. रविवारी सकाळी मागल्या दारी यायचे, बाजारात दिसू नये म्हणून. "शांताराम, जरा आयडलिंग बघशी?" तू चहा अर्धा टाकून उठायचास. एक स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे, कान लावून ऐकायचास, आणि इंजिन शांत व्हायचं. तीच माणसं आज म्हणतायत, काय हात होता! हात होता तेव्हा तुम्ही कुठे होता?

दोन वर्षांनी रुक्मिणीला पुन्हा दिवस गेले. एका संध्याकाळी तू हात धुता धुता मला म्हणालास, "बाबल्याक सांग, पेट्रोल म्हापशाक भरूक. माझा नाव घेव नको. तुझा म्हणान सांग." मी सांगितलं. नर्सबाईने सांगितलं म्हणून त्याने ऐकलं. मुलगी झाली, माझ्याच हातावर, आणि त्यानंतर दुसरी. दोन्ही बारशांना मला पहिला मान होता. तुला आमंत्रण नव्हतं. मी गेले आणि लाडू खाऊन आले.

मग एक दिवस पणजीहून अधिकारी आले, त्या पंपाचं पेट्रोल तपासलं आणि पंपाला सील ठोकलं. वर्तमानपत्रात आलं. मी पेपर तुझ्यासमोर ठेवला आणि उभी राहिले. आता तरी बोलशील म्हणून. तू चष्मा लावून सगळं वाचलंस, पेपरची घडी केलीस आणि म्हणालास, "चाय दी." थोड्या दिवसांनी पंप परत उघडला. पेडण्यात एकाही माणसाला आठवण झाली नाही, की हे शांतामेस्ताने आधीच सांगितलं होतं. आठवण करून देऊ शकणारी एकच बाई होती, आणि ती चहा टाकत होती.

परवा तुझं बारावं झालं. पात्रांव आले. म्हातारे झालेत, काठी टेकत आले. बाहेर पडवीत त्यांना कदेल दिली. बाबलो आला होता, रुक्मिणी आली होती. जेवणं व्हायच्या आधी पात्रांव बोलायला लागले. "असो मेस्त परत जावचो ना. कार्ब्युरेटर म्हळ्यार शांताराम. आमचोच मनीस आशिल्लो तो." सगळ्यांनी माना डोलावल्या.

आमचोच. तू जिवंत होतास तोवर बाहेरचा, मेलास तेव्हा आमचा.

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी खाली ठेवला आणि बोलले. मोठ्याने नव्हे, पण पडवीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. रॉकेलच्या वासाचं सांगितलं, मालपेला कागदावर राहिलेल्या डागाचं सांगितलं, फौजदाराच्या कपाटात गेलेल्या बाटलीचं सांगितलं. इंग्रजीत टाइप केलेल्या जबानीचं आणि दाखल्याचं सांगितलं. म्हणाले, "कार्ब्युरेटर बरोबर होता. दादाने सांगितलं होतं ते सगळं खरं होतं. मी खोट्या कागदावर सही केली." पात्रांव काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाय दुख्खांत आसा," आणि उठून गेले. त्यांना कुणी थांबवलं नाही, कुणी जाबही विचारला नाही. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघत होती. तुझं लग्न नंतरचं. तिला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. माझं ताट वाढून ठेवते आणि आत जाते.

बोलली ती रुक्मिणी. बायकांच्या घोळक्यातून उठून माझ्यापुढे आली. मला वाटलं रडेल. रडली नाही. "इतकी वर्सां तुज्याकडे येतंय मी," ती म्हणाली. "दोगांय चेडवां तुज्या हातार जाली. माजा डोकां तुज्या मांडयेर होता मगे त्या दिसा? तुका वास इलो. तेन्ना सांगूक काय झाला?"

 नोकरी, असं म्हणाले असते तर खरं ठरलं असतं, पण त्या बाईच्या तोंडावर तो शब्द मला उच्चारता येईना. ती न जेवता गेली. बाबलो तिच्यामागून गेला. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. लोक तसं म्हणतात. नाही वाटलं. तू असतास तर मला बोलू दिलं नसतंस, तेव्हा तू गेल्यावर बोलण्यात कसलं आलंय धाडस? पात्रांव म्हातारे झाले, माझी नोकरी पक्की झाली, दाखला कुणी परत मागणार नाही. सगळं सुरक्षित झाल्यावर मी खरं बोलले. हे मी स्वतःला माफ करणार नाही, आणि तूही करू नको.

आज सकाळी बाबलो आला. आता त्याच्याकडे दुसरी गाडी आहे, पण कार्ब्युरेटरवालीच. अंगणात उभा राहिला, आत ये म्हटलं तर आला नाही. चेहरा असा, की मला वाटलं हात उगारेल.

"अकरा वर्सां," तो म्हणाला. "हरमलापासून म्हापशापर्यंत, जो कोण माज्या गाडयेत बसलो, तेका मी सांगलंय. शांतामेस्तान माजो झील मारलो. पैशे मोजूचे तशी माणसां मोजून सांगलंय. तो माका वाटेर गावलो काय मी थुंकी टाकी. तो बाजूक सरे. माज्याकडे एक शबुद बोलाक ना." त्याचा आवाज फुटला. "आता त्या सगळ्यांक मी खंय सोदू? गे बाय, तू सांग माका. खंय खंय जावन सांगू?"

मी म्हणाले, "मी येते तुझ्याबरोबर."

तो गाडीकडे निघाला आणि वळला. मग म्हणाला, "आयतारा सकाळी येतंय. आधी हरमल. थंयच्या स्टँडार जास्त सांगलंय." आणि गेला. त्याने मला माफ केलेलं नाही, तसं मी मागितलंही नाही.

उद्या रविवार. हरमल, मग मांद्रे, मग पार्से, आणि पुढे जिथे जिथे तो नेईल तिथे. स्टँडवर उभी राहून मी सांगणार, मराठीत सांगणार, कुणाला नाही कळलं तर तुझ्यासारखं त्याला कळेल त्या भाषेत सांगणार. लोक मला काय म्हणतील ते मला माहीत आहे, आणि ते बरोबरच म्हणतील.

तू असतास तर मला त्या गाडीत बसू दिलं नसतंस, दादा. आणि मी तुझं ऐकलं असतं.